नकाशावरची रेषा आणि विमानाची वाट

लंडनहून लॉस एंजेलिसला निघालेल्या विमानात समोरच्या स्क्रीनवरचा नकाशा उघडला, की पहिल्या तासाभरातच मनात शंका येते. लॉस एंजेलिस लंडनच्या कितीतरी दक्षिणेला आहे. मग विमान वायव्येकडे तोंड करून ग्रीनलंडच्या बर्फाकडे का निघालंय? स्क्रीनवरची रेषा कमानीसारखी वर चढते आणि पुढे खाली उतरू लागते. सरळ जायचं सोडून एवढा वळसा कशासाठी?

खरं तर हीच सगळ्यात जवळची वाट आहे. वाकडेपणा आहे तो नकाशात.

दोन शहरांमधल्या विमानप्रवासाची चौकशी करताना आपल्याला दोन आकडे हवे असतात: अंतर किती आणि वेळ किती. बस किंवा रेल्वेच्या प्रवासातून आपल्याला सवय लागलेली असते, की अंतराला वेगाने भागलं की वेळ मिळतो. विमानाच्या बाबतीत हा हिशेब अर्धवट ठरतो. अंतर ठरवते भूमिती, आणि ते वर्षानुवर्षं तेवढंच राहतं. वेळ मात्र वाऱ्यावर, देशांच्या हद्दींवर, इंजिनांविषयीच्या नियमांवर आणि विमानतळावरच्या रांगेवर अवलंबून असतो. शिवाय दोन्ही टोकांची घड्याळं वेगळी असतात. म्हणून हे दोन्ही आकडे वेगवेगळे समजून घ्यायला हवेत. आधी अंतर घेऊ.

पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणा

घरात किंवा शाळेत पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या. त्याचं एक टोक लंडनवर, दुसरं लॉस एंजेलिसवर धरा आणि दोरा घट्ट ताणा. दोरा आपोआप ग्रीनलंडवरून जाईल. त्याला जबरदस्तीने भिंतीवरच्या नकाशातल्या 'सरळ' रेषेवर आणलंत, तर तो तोकडा पडेल. हा प्रयोग एकदा स्वतःच्या हातांनी करावाच. वाचून पटलेली गोष्ट आणि बोटांना जाणवलेली गोष्ट यांत फरक असतो.

ताणलेल्या दोऱ्याच्या या रेषेला भूगोलात बृहद्वृत्त म्हणतात. संत्रं बरोबर मध्यातून कापलं, सुरी कोणत्याही दिशेने धरली तरी, की सालीवर उमटणारं वर्तुळ सगळ्यात मोठं असतं. तेच बृहद्वृत्त. पृथ्वीच्या केंद्रातून जाणारा कोणताही काप घ्या, पृष्ठभागावर तो बृहद्वृत्त आखतो, आणि दोन ठिकाणांमधली सगळ्यात जवळची वाट नेहमी अशाच वर्तुळाचा तुकडा असते. विषुववृत्त हे बृहद्वृत्त आहे. समोरासमोरची दोन रेखावृत्तं जोडली तरी बृहद्वृत्त होतं. विषुववृत्त सोडून बाकीची अक्षवृत्तं मात्र बृहद्वृत्तं नाहीत. ध्रुवाकडे जाताना ती लहान लहान होत जातात. घोटाळा होतो तो इथेच, कारण भिंतीवरच्या नकाशात ती सगळी सारख्या लांबीची दिसतात.

हा नकाशा बहुतेक वेळा मर्केटरच्या पद्धतीचा असतो. गेरार्डस मर्केटरने तो १५६९ साली तयार केला, खलाशांसाठी. होकायंत्राची एकच दिशा धरून जहाज हाकलं, तर त्याची वाट या नकाशावर सरळ रेषेत येते. समुद्रावरच्या माणसाला याहून उपयोगाचं काय असणार! पण या सोयीसाठी ध्रुवांजवळचे प्रदेश प्रचंड ताणावे लागले. ग्रीनलंड त्यावर आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट आहे. चारशे वर्षांहून जुना हा नकाशा आपल्या डोळ्यांत इतका मुरलाय, की पृथ्वी गोल आहे हे माहीत असूनही अंतराचा विचार करताना आपण ती सपाटच धरतो.

फरक किती पडतो? फिनलंडमधलं हेलसिंकी आणि अलास्कातलं अँकरेज ही दोन शहरं घ्या. दोन्ही साधारण ६० ते ६१ अंश उत्तर अक्षांशावर आहेत आणि पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना. नकाशावर त्यांच्यातली सरळ रेषा अक्षवृत्ताच्या बाजूने जाते. त्या वाटेने गेलं तर अंतर भरतं सुमारे ९,५०० किलोमीटर. उत्तर ध्रुवाजवळून जाणारी वाट आहे सुमारे ६,५०० किलोमीटरची. तीन हजार किलोमीटर वाचले. विमानाच्या भाषेत ते साडेतीन तास.

दक्षिण गोलार्धात हीच कमान खाली झुकते. सिडनी आणि सांतियागो ही दोन्ही शहरं ३४ अंश दक्षिण अक्षांशाच्या आसपास आहेत, पण त्यांच्यातली जवळची वाट जवळपास ६२ अंश दक्षिणेपर्यंत, म्हणजे अंटार्क्टिकाच्या दारापर्यंत जाते. उलट स्टॉकहोम आणि केपटाऊन एकमेकांच्या जवळपास थेट उत्तर-दक्षिणेला आहेत, दोन्ही १८ अंश पूर्व रेखांशापाशी. तिथे नकाशावरची सरळ रेषा खरोखरच सरळ आहे. कीटो आणि नैरोबी विषुववृत्ताला लागून आहेत, त्यांचंही तसंच. दोन शहरं ध्रुवाच्या जितकी जवळ आणि पूर्व-पश्चिम जितकी लांब, तितका नकाशा आपल्याला जास्त फसवतो.

अंतराचा आकडा निघतो कसा

दोन्ही ठिकाणांचे अक्षांश आणि रेखांश माहीत असले, की पृथ्वीच्या केंद्रापाशी त्या दोघांमध्ये किती अंशांचा कोन होतो ते त्रिकोणमितीने काढता येतं. या कामासाठी हॅव्हरसाइन नावाचं सूत्र वापरतात. कोन मिळाला की पुढचं काम तोंडी करण्याइतकं सोपं आहे: पृष्ठभागावर एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. कोन ५० अंशांचा निघाला, तर अंतर ५,५५० किलोमीटर. लंडन ते न्यूयॉर्क जवळपास एवढंच आहे.

एका अंशाचे साठ भाग केले की एकेक कला होते, आणि पृथ्वीवर एक कला म्हणजे एक सागरी मैल. आज त्याची लांबी बरोबर १,८५२ मीटर ठरवलेली आहे. वैमानिक आणि खलाशी अजूनही याच मैलात विचार करतात, आणि तासाला एक सागरी मैल या वेगाला नॉट म्हणतात. मला ही व्यवस्था फार आवडते, कारण हे माप थेट पृथ्वीच्या गोलाईतून आलेलं आहे. अडचण एवढीच, की रस्त्यावरचा मैल वेगळा आहे, १,६०९ मीटरचा. लंडन–न्यूयॉर्क अंतर एका ठिकाणी ३,४५० मैल आणि दुसऱ्या ठिकाणी ३,००० मैल दिसलं, तर कोणी चुकलेलं नाही. पहिला जमिनीवरचा मैल आहे, दुसरा सागरी.

आकड्यांत थोडाफार फरक पडायची आणखी दोन कारणं आहेत. पृथ्वी चेंडूसारखी गोल नाही. ध्रुवांशी ती जरा दबलेली आहे: विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवाशी ६,३५७. साध्या गोलाचं सूत्र वापरलं तर यामुळे जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याच्या आसपास चूक होते. म्हणून मोजणीचं नेमकं काम करणारे दबलेल्या गोलाचं सूत्र वापरतात. थॅडियस व्हिन्सेंटी यांनी १९७५ मध्ये मांडलेली पद्धत त्यासाठी आजही प्रचलित आहे. दुसरं कारण अगदी घरगुती आहे: शहर म्हणजे नेमका कोणता बिंदू? टोकियोचा नारिता विमानतळ शहराच्या मध्यापासून सुमारे ६० किलोमीटर लांब आहे, हानेदा मात्र शहराला खेटून आहे. 'टोकियोपर्यंतचं अंतर' असं म्हणताना यातलं काय धरलंय, ते विचारायलाच हवं.

विमान त्या रेषेवरून जातं का?

सहसा नाही. जवळपास राहतं, पण तंतोतंत नाही.

विमान उडतं ते वाऱ्याच्या दिशेला सामोरं जाऊन. त्यामुळे धावपट्टी ज्या बाजूला असेल तिकडे आधी जावं लागतं, मग वळून मार्गाला लागावं लागतं. पुढे आकाशात ठरावीक बिंदू असतात. जमिनीवर तिथे काहीच नसतं, पण प्रत्येकाचे अक्षांश-रेखांश ठरलेले असतात आणि त्याला रेडिओवर सहज उच्चारता येईल असं पाच अक्षरी नाव असतं. वैमानिकाचा मार्ग म्हणजे या बिंदूंची माळ. शेवटी उतरताना पुन्हा रांग असते, आणि गर्दी असेल तर हवेतच चकरा मारत थांबावं लागतं. या सगळ्यात थोडे थोडे किलोमीटर वाढत जातात.

समुद्र ओलांडताना एक वेगळाच प्रश्न येतो. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं, तर उरलेल्या एका इंजिनावर ते जवळच्या विमानतळापर्यंत पोहोचेल का? अमेरिकेत १९५३ साली नियम झाला, की अशा विमानाने उतरण्याजोग्या विमानतळापासून एका इंजिनावर ६० मिनिटांहून लांब जायचं नाही. त्या काळच्या पिस्टन इंजिनांचा भरवसा बेताचाच होता, त्यामुळे नियम योग्यच होता. पण त्यामुळे दोन इंजिनांच्या विमानांना महासागरावर किनाऱ्या-किनाऱ्याने, बेटा-बेटाने जावं लागे, आणि थेट वाट तीन-चार इंजिनांच्या विमानांकडेच राहिली. जेट इंजिनं भरवशाची ठरत गेली तशी मुभा वाढली: १९८५ मध्ये १२० मिनिटं, काही वर्षांत १८०, आणि २०१४ मध्ये एअरबस ए३५०-९०० ला ३७० मिनिटांपर्यंत परवानगी मिळाली. आज दोन इंजिनांची विमानं जवळपास कुठेही थेट जाऊ शकतात. चार इंजिनांची अजस्र विमानं आकाशातून हळूहळू कमी का झाली, याचं एक मोठं कारण या मिनिटांच्या आकड्यांत आहे.

पण प्रवासाच्या वेळेवर सगळ्यात मोठा घाव घालते ती देशांची हद्द. प्रत्येक देशाची सत्ता त्याच्या जमिनीवरच्या आकाशावरही चालते, आणि तो देश ते आकाश बंद करू शकतो. हेलसिंकी ते टोकियो ही वाट मला या बाबतीत धड्यासारखी वाटते. दोन शहरांमधलं सरळ अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर. दोरा ताणला तर तो जवळजवळ सगळा रशियावरून जातो. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत आकाश बंद होतं, म्हणून युरोपातली विमानं अलास्कातल्या अँकरेजला थांबून, इंधन भरून जपानला जात. कोपनहेगन–अँकरेज–टोकियो ही सेवा १९५७ मध्ये सुरू झाली. १९८३ मध्ये फिनएअरने हेलसिंकीहून टोकियोला न थांबता विमान नेलं, तेही उत्तर ध्रुवाच्या बाजूने वळसा घालून. पुढे सायबेरियावरची वाट खुली झाली आणि हा प्रवास साडेनऊ तासांवर आला. हेलसिंकीची भौगोलिक जागा एवढी मोक्याची, की युरोप आणि पूर्व आशिया यांच्यातली जवळची वाट म्हणून त्या शहराने नाव कमावलं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, युरोपीय देशांनी रशियन विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि रशियाने त्यांना आपलं. हेलसिंकी–टोकियो प्रवास एका फटक्यात साडेनऊ तासांवरून तेरा तासांच्या आसपास गेला. विमानं पुन्हा ध्रुवाकडून किंवा दक्षिणेकडून, मध्य आशियावरून जाऊ लागली. शहरं तिथेच आहेत, अंतराचा आकडाही तोच आहे. म्हणून 'इतके किलोमीटर, म्हणजे इतके तास' असं कुठे वाचलं, तर मधल्या आकाशात काय चाललंय हे आधी बघावं लागतं.

वेग आणि त्याचा ढोबळ हिशेब

प्रवासी जेट विमान १० ते १२ किलोमीटर उंचीवर उडतं. तिथे हवा विरळ असते, म्हणून रोध कमी आणि इंधनाची बचत. तापमान उणे ५५ अंशांच्या घरात असतं, आणि थंड हवेत आवाजाचा वेगही कमी होतो: तिथे तो तासाला सुमारे १,०६० किलोमीटर असतो. लांब पल्ल्याची विमानं या वेगाच्या ८५ टक्क्यांवर चालतात, म्हणजे तासाला ९०० किलोमीटर. छोट्या पल्ल्याची विमानं ७८ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ८३०. याहून पुढे जाऊन आवाजाच्या वेगाला भिडू लागलं, की रोध झपाट्याने वाढतो आणि इंधन पाण्यासारखं जातं. म्हणूनच १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमानं आली तेव्हाचा वेग आणि आजचा वेग यांत फारसा फरक नाही. काँकॉर्डने ही भिंत ओलांडली होती. ७ फेब्रुवारी १९९६ रोजी तिने न्यूयॉर्क ते लंडन अंतर २ तास ५३ मिनिटांत कापलं. पण ती २००३ मध्ये निवृत्त झाली आणि तिच्या जागी कोणी आलं नाही.

हा ९०० चा वेग मात्र फक्त मधल्या टप्प्यावर असतो. उंची गाठायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. उतरणंही बरंच आधी सुरू होतं. वैमानिकांचा जुना ठोकताळा आहे: दर हजार फुटांमागे तीन सागरी मैल. ३५,००० फुटांवरून खाली यायचं, तर विमानतळ सुमारे १९५ किलोमीटर लांब असतानाच नाक खाली करायला हवं. लंडन–पॅरिस अंतर आहे साधारण ३५० किलोमीटर. म्हणजे या प्रवासात विमान चढतं आणि लगेच उतरू लागतं. सपाट उडायला फुरसतच मिळत नाही. छोट्या प्रवासाचा सरासरी वेग इतका कमी का, याचं उत्तर इथे आहे.

घरबसल्या अंदाज बांधायचा तर मी एक साधा हिशेब वापरतो: किलोमीटरला ८५० ने भागायचं आणि अर्धा तास मिळवायचा. सिंगापूर–न्यूयॉर्क ही सध्याची सगळ्यात लांब, न थांबता जाणारी नियमित सेवा, अंतर सुमारे १५,३५० किलोमीटर. ८५० ने भागलं की १८ तास, वर अर्धा तास. विमान कंपनीच्या वेळापत्रकात साडेअठरा ते एकोणीस तास असतात. हिशेब जमला. पण दुसऱ्या टोकाला तो अगदीच मोडतो. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे असं विमान जातं, अंतर सुमारे २.७ किलोमीटर. हीथ्रो विमानतळाची एक धावपट्टी ३.९ किलोमीटरची आहे! या प्रवासाला वेळापत्रकात दोन मिनिटं दिलेली असतात, आणि अनुकूल वाऱ्यात तो एका मिनिटाच्या आत झालेला आहे.

तिकिटावर जो वेळ असतो, तो मात्र निव्वळ उडण्याचा नसतो. विमान फाटकापासून मागे ढकललं जातं तेव्हापासून दुसऱ्या विमानतळावर फाटकाशी थांबेपर्यंतचा तो वेळ असतो. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंत जाणं, तिथली रांग, उतरल्यावर पुन्हा फाटकापर्यंत येणं हे सगळं त्यात धरलेलं असतं. गर्दीच्या विमानतळांवर यातच अर्धा-पाऊण तास जातो. शिवाय कंपन्या वेळापत्रकात थोडी फट मुद्दाम ठेवतात, कारण विमान वेळेवर पोहोचलं की नाही यावर त्यांची परीक्षा होते. तुमचं विमान उशिरा निघूनही वेळेवर पोहोचलं, तर बऱ्याचदा ती किमया या फटीची असते, वेगाची नव्हे.

जाताना आठ तास, येताना सात

लंडनहून न्यूयॉर्कला जायला आठ तास लागतात आणि परत यायला सात. का? पुष्कळ लोक सांगतात, पृथ्वी फिरते म्हणून. विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग तासाला १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे सरकतो हे खरं. पण हवाही पृथ्वीबरोबर फिरते, आणि विमान त्या हवेतच असतं. तसं नसतं, तर जागेवर स्थिर राहणाऱ्या हेलिकॉप्टरखालून शहरं धावत गेली असती. चालत्या रेल्वेत चेंडू वर फेकला तर तो परत हातातच येतो, मागच्या डब्यात जात नाही. तोच प्रकार.

खरा कर्ता आहे वारा. ध्रुवाकडची थंड हवा आणि विषुववृत्ताकडची उबदार हवा जिथे भिडते, तिथे बरोबर विमानांच्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याच्या नद्या वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. (पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध येतो तो इथे: हवा पूर्वेकडे वळते ती त्या फिरण्यामुळे.) वेग अनेकदा तासाला दीडशे किलोमीटरच्या वर, कधीकधी तीनशेच्याही. हिवाळ्यात उत्तर-दक्षिण तापमानातला फरक वाढतो आणि या नद्यांना पूर येतो.

त्यांचा शोध ज्याने लावला त्याच्याविषयी वाचताना मन हळहळतं. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी १९२० च्या दशकात तातेनो इथल्या वेधशाळेतून फुगे सोडून उंचावरचे वारे मोजत होते. हिवाळ्यातले वेग थक्क करणारे होते. ओइशींनी हे निष्कर्ष जगभर वाचले जावेत म्हणून १९२६ मध्ये एस्पेरांतो या आंतरराष्ट्रीय भाषेत छापले, आणि नेमकं त्याचमुळे ते फारसं कुणी वाचलं नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-२९ विमानं जपानवर उंचावरून आली, तेव्हा वैमानिकांना तो वारा स्वतः भोगून कळला.

नदीतली होडी डोळ्यांसमोर आणा. वल्ही मारायचा जोर तोच, पण प्रवाहाबरोबर काठावरची झाडं भरभर मागे पडतात आणि प्रवाहाविरुद्ध हटता हटत नाहीत. विमानाचा हवेतला वेग ९०० च राहतो. जमिनीच्या हिशेबाने तो १,०५० होतो किंवा ७५०. ९ फेब्रुवारी २०२० रोजी सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. वाटेत त्याचा जमिनीच्या हिशेबाने वेग तासाला १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. म्हणजे त्या उंचीवरच्या आवाजाच्या वेगाहून जास्त. तरीही ते स्वनातीत उड्डाण नव्हतं, कारण भोवतालच्या हवेच्या तुलनेत विमान नेहमीसारखंच चाललं होतं.

आता एक गंमतीचं गणित. जाताना वारा विरुद्ध, येताना बाजूने, म्हणजे एकूण हिशेब सारखाच होईल असं वाटतं. करून बघू. अंतर ६,३०० किलोमीटर, वेग ९००. वारा नसेल तर जायला सात आणि यायला सात, एकूण १४ तास. आता दीडशेचा वारा घाला. जाताना वेग ७५०, वेळ ८ तास २४ मिनिटं. येताना १,०५०, वेळ बरोबर ६ तास. एकूण १४ तास २४ मिनिटं. चोवीस मिनिटं गेली कुठे? विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकलेलं असतं, अनुकूल वाऱ्याचा लाभ थोडाच वेळ मिळतो. त्यामुळे जाऊन-येऊन प्रवासात स्थिर वाऱ्याने नुकसानच होतं.

यावर उपाय म्हणजे वाटच बदलणं. उत्तर अटलांटिकवर दररोज वाऱ्याचा अंदाज घेऊन मार्गांचा संच आखला जातो: दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी ब्रिटन-आयर्लंडच्या शॅनविक केंद्राकडून, रात्री पूर्वेकडे येणाऱ्यांसाठी कॅनडातल्या गँडरकडून. येणारे जेट स्ट्रीमवर स्वार होतात, जाणारे तिला चुकवून बाजूने निघतात. इथे बृहद्वृत्ताला सोडचिठ्ठी दिली जाते, कारण शंभर-दोनशे किलोमीटर जास्त उडून लवकर पोहोचता येतं आणि इंधनही वाचतं. सगळ्यात कमी अंतराची वाट आणि सगळ्यात कमी वेळाची वाट या दोन निराळ्या वाटा असू शकतात.

तिकिटावरची दोन घड्याळं

तिकिटावर निघायची वेळ निघण्याच्या शहराची असते आणि पोहोचायची वेळ पोहोचण्याच्या शहराची. लंडनहून दुपारी १२ ला निघून न्यूयॉर्कला ३ वाजता पोहोचलो, तर प्रवास तीन तासांचा नव्हे. घड्याळं पाच तास मागे आहेत, म्हणून आठ तासांचा. परतीला संध्याकाळी ७ ते सकाळी ७ असे बारा तास दिसतात, त्यातून पाच वजा, राहिले सात. गोंधळ टाळायची खात्रीची रीत एकच: दोन्ही वेळा आधी जागतिक प्रमाणवेळेत आणायच्या आणि मग वजाबाकी करायची. भारताची वेळ तिच्यापुढे साडेपाच तास, नेपाळची पावणेसहा, म्हणून पूर्ण तासांत हिशेब करणारे इथे हमखास चुकतात. उन्हाळी वेळ पाळणाऱ्या देशांचं आणखी वेगळं. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं पुढे करते, ब्रिटन शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये पाच नव्हे, चारच तासांचा फरक असतो.

प्रशांत महासागरावर आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना तर तारीखच उलटी जाते. टोकियोहून सोमवारी रात्री ९ वाजता निघा, सात तास उडा, आणि होनोलुलूला सोमवारीच सकाळी ९ वाजता उतरा. निघण्याच्या बारा तास आधी!

याहूनही टोकाचं उदाहरण सामोआचं आहे. सामोआ देश आणि अमेरिकन सामोआ ही शेजारची बेटं, त्यांच्यात अवघं सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर. छोटं विमान पाऊण तासाच्या आत पोहोचतं. पूर्वी दोघांचं घड्याळही जुळत असे. पण सामोआचा व्यापार मुख्यतः ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडशी, आणि तिथे शनिवार उजाडलेला असताना सामोआत शुक्रवार असायचा, म्हणून कामाचे दिवस वाया जात. त्या देशाने वाररेषेची बाजू बदलायचं ठरवलं. २९ डिसेंबर २०११ च्या मध्यरात्रीनंतर तिथे थेट ३१ डिसेंबर उजाडला. ३० तारीख सामोआच्या लोकांनी जगलीच नाही. आज सामोआतल्या आपियाहून शुक्रवारी दुपारी १२ ला निघालेला प्रवासी अमेरिकन सामोआतल्या पागो पागोला गुरुवारी दुपारी पाऊणच्या सुमाराला उतरतो, आणि परत निघाला की तेवढ्याच वेळात त्याचा एक अख्खा दिवस सरतो.